कासवाचा किनारा ओळखावा कसा, जपावा कसा

नाशिकच्या गंगापूर रोडला समांतर वाहणारी गोदावरी आपल्याला घाटांची, सोमेश्वरच्या धबधब्याची आणि धरणाच्या पाण्याची नदी म्हणून माहीत असते. त्र्यंबकपासून १,४६५ किलोमीटर वाहून ती आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे तिने आणलेल्या गाळातून आणि वाळूतून सॅक्रामेंटो, होप यांसारखी बेटे घडली आणि त्या बेटांवर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालतात. त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. नाशिककर असा दोन समुद्रांच्या मध्ये, पाणलोटाच्या माथ्यावर राहतो.

कासवांच्या दृष्टीने हे दोन समुद्र वेगळे नाहीत, हे आता सिद्ध झाले आहे. २०२१ मध्ये ओडिशात खूणपट्टी लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. तिने किमान साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास केला होता. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रह-यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली होती. म्हणजे आपल्या दोन्ही बाजूंचे पाणी ज्या समुद्रांना मिळते, त्या दोन्ही समुद्रांत एकच कासव ये-जा करू शकते.

म्हणून हा लेख गंगापूर रोडवरच्या वाचकांसाठी आहे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे हिवाळ्यात कोकणात जातात, काही अंदमान-लक्षद्वीपला जातात, काहींनी दापोली-गुहागरकडे जमीन घेतली आहे. कासवाचा महत्त्वाचा अधिवास कसा ओळखायचा, त्याचे नुकसान आपल्या हातून कसे होऊ शकते आणि त्याच्या रक्षणात आपला वाटा कोणता, हे यात क्रमाने सांगितले आहे.

अधिवास म्हणजे फक्त अंडी घालण्याची जागा नव्हे

‘कासव वाचवा’ म्हटले की डोळ्यांपुढे वाळूवरून समुद्राकडे निघालेली पिल्ले येतात. पण सागरी कासवाचे आयुष्य जवळजवळ पूर्ण पाण्यात जाते. नर तर एकदा समुद्रात गेला की सहसा पुन्हा जमिनीवर येत नाही. मादीही अंडी घालण्यापुरती तासभर वर येते. त्यामुळे महत्त्वाच्या जागा शोधताना पाच प्रकारांचा विचार करावा लागतो.

पहिली जागा म्हणजे अंडी घालण्याची पुळण. दुसरी त्या पुळणीसमोरचा उथळ समुद्र. एका हंगामात मादी एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालू शकते आणि मधल्या आठवड्यांत ती इथेच थांबते. तिसरी चरण्याची जागा: समुद्रगवताची कुरणे, प्रवाळ, खडकाळ तळ. चौथी स्थलांतराची वाट. पाचवी पिल्लांच्या वाढीची जागा, म्हणजे खुल्या समुद्रात तरंगणाऱ्या शेवाळाचे आणि काडीकचऱ्याचे पट्टे. यांतली एक जागा जपली आणि दुसरी उद्ध्वस्त झाली, तर पहिलीच्या रक्षणाचा फायदा टिकत नाही.

जागतिक पातळीवरही विचार याच दिशेने झाला आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या सागरी कासव तज्ज्ञगटाने ‘महत्त्वाची सागरी कासव क्षेत्रे’ ठरवण्यासाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. अशी क्षेत्रे पुराव्यावर ठरली पाहिजेत आणि त्यात पुळणीइतकीच समुद्रातील ठिकाणेही धरली पाहिजेत. गावपातळीवर काम करणाऱ्यालाही हीच शिस्त उपयोगी पडते.

पुळणीवर काय पाहावे

भारताच्या समुद्रात पाच जातींची कासवे आढळतात: ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नियमित अंडी घालते ती ऑलिव्ह रिडले. ओडिशातील गहिरमाथा आणि ऋषिकुल्येसारख्या हजारोंच्या झुंडी आपल्याकडे येत नाहीत. इथे एकेक मादी रात्री येते, म्हणून कोकणातला कासवांचा किनारा पटकन लक्षात येत नाही. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, आणि पिल्ले बाहेर पडणे मे महिन्यापर्यंत चालू राहते.

पहाटे, लोकांची वर्दळ सुरू होण्याआधी भरतीरेषेने चालत गेल्यास पुढील खुणा दिसतात.

पहिली खूण म्हणजे मागावा, वाळूवरचा सरपटल्याचा पट्टा. ऑलिव्ह रिडलेचा पट्टा साधारण ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असतो आणि त्यातील वल्ह्यांचे ठसे एकाआड एक पडलेले असतात. हिरव्या कासवाचा पट्टा मीटरभर रुंद, ठसे समोरासमोर जोडीने, आणि शेजारी वाळूत मोठा खोल खड्डा. लेदरबॅकचा पट्टा दीड-दोन मीटरपर्यंत जातो. एक पट्टा समुद्राकडून वर येतो आणि दुसरा परत जातो. कासव पुढे सरकताना वाळू मागे ढकलते, त्यामुळे चढती आणि उतरती वाट वेगळी ओळखता येते.

दुसरी खूण म्हणजे विस्कटलेली, पण वर दाबून बसवलेली वाळू. ऑलिव्ह रिडले घरटे बुजवल्यावर अंगाच्या भाराने वाळू थोपटते. आत साधारण दीड फूट खोल, सुरईसारख्या खड्ड्यात शंभर-सव्वाशे अंडी असतात. आपण ती शोधण्यासाठी काठी खुपसू नये, वाळू उकरू नये. ते काम प्रशिक्षित कासवमित्रांचे, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांचे, आणि वनखात्याचे आहे.

तिसरी खूण सर्वात कमी नोंदवली जाते आणि सर्वात जास्त काही सांगते: पट्टा आहे, पण घरटे नाही. मादी वर आली आणि अंडी न घालताच परतली. असे एखाद्या वेळी नैसर्गिकरीत्याही होते. पण एखाद्या पुळणीवर असे पट्टे पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर तिथे उजेड, माणसे, कुत्री, दगडी बंधारा किंवा कडक झालेली वाळू तिला अडवत आहे. घरट्यांचाच आकडा पाहणारा अशा किनाऱ्याला बिनमहत्त्वाचा ठरवेल. प्रत्यक्षात तो कासवांना हवा असलेला, पण आपण बिघडवलेला किनारा असतो. दुरुस्तीचा उपयोग इथेच सर्वात जास्त होतो.

चौथी खूण पुळणीच्या बांधणीची. भरतीच्या वर पुरेशी रुंद, सैल, ओलसर वाळू हवी. समुद्रातून वर येण्याची वाट मोकळी हवी. मागच्या बाजूला मर्यादवेल, केवडा यांसारख्या वनस्पतींनी धरून ठेवलेली वाळूची टेकाडे हवीत. मर्यादवेल काढून लॉन केलेली, किंवा भरतीरेषेपर्यंत सुरूची दाट लागवड केलेली पुळण दिसायला सुंदर असते, पण अंडी घालायला जागा उरत नाही.

पाचवी खूण माणसांच्या आठवणीत असते. रापण ओढणारे मच्छीमार, पहाटे किनाऱ्यावर जाणाऱ्या बायका, पूर्वी अंडी गोळा करणारी माणसे यांना दोन पिढ्यांचा इतिहास ठाऊक असतो. त्यांच्याशी दोष काढण्याच्या सुरात बोलू नये. ज्याने अंडी काढली, त्यालाच घरटे कुठे असते हे सर्वात चांगले कळते, आणि कोकणात अशीच माणसे पुढे उत्तम राखणदार झाली.

वेळासने काय शिकवले

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करत होते. त्यात त्यांना किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केल्यावर कळले की घातलेली अंडी जवळजवळ सगळी माणसे आणि प्राणी नेत होते. तिथून काम सुरू झाले. गावातल्याच माणसांना सोबत घेऊन पहाटेची गस्त, अंडी हलवून कुंपण केलेल्या हॅचरीत ठेवणे आणि पिल्ले सोडणे, असा क्रम बसला. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले आणि अंड्यांच्या विक्रीतून मिळायचे त्यापेक्षा चांगले उत्पन्न जिवंत पिल्लांमुळे मिळू लागले. पुढे वनखाते आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने आंजर्ले, केळशी, गुहागर, सिंधुदुर्गातील वायंगणी अशा अनेक किनाऱ्यांवर हे काम पसरले.

यातून घ्यायचा धडा हा की वेळासला महत्त्वाचा किनारा पुराव्याने ओळखला गेला आणि गावाने सांभाळला. बाहेरून आलेल्यांनी माहिती, प्रशिक्षण आणि पाहुणे दिले. राखण गावाने केली. कोणत्याही किनाऱ्यासाठी हीच वाटणी टिकते.

हॅचरीबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यायला हवी. सर्वात उत्तम घरटे म्हणजे मादीने निवडलेल्या जागी राहिलेले घरटे. अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले तर गर्भ मरतो. म्हणून अंडी हलवायचीच असतील तर ती लवकरात लवकर, न फिरवता आणि प्रशिक्षित हातांनीच हलवावी लागतात. शिवाय पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते. साधारण २९ ते ३० अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याहून उष्ण वाळूत मादीच जास्त. सगळी घरटी एकाच उघड्या, तापलेल्या कुंपणात ठेवली तर हा तोल बिघडू शकतो. भरतीत वाहून जाणारी किंवा चोरीचा धोका असलेली घरटी हॅचरीत, सुरक्षित घरटी जाळी लावून जागेवरच, हा योग्य क्रम. हॅचरी हा इलाज आहे. तिच्या भरवशावर किनारा बिघडू देणे चूक आहे.

बेटांवर काय वेगळे असते

उष्ण प्रदेशातील बेटांवर वाळूचा साठा मर्यादित असतो. मागे सरकायला जमीन नसते. प्रवाळ तुटला की लाटा थेट पुळणीवर येतात आणि वाळू जाते. त्यामुळे बेटावर पुळण, प्रवाळ आणि खाजणातील समुद्रगवत यांचा एकत्र विचार करावा लागतो.

लक्षद्वीपचे उदाहरण बोलके आहे. अगत्तीच्या उथळ खाजणात हिरव्या कासवांची संख्या इतकी वाढली की त्यांनी समुद्रगवत खरवडून काढले. गवतासोबत तिथे वाढणारे मासे कमी झाले आणि मच्छीमार कासवांवर नाराज झाले. कासवांना नुसते संरक्षण देऊन काम संपत नाही, त्यांच्या चरण्याच्या कुरणांची आणि त्याच कुरणांवर जगणाऱ्या माणसांचीही काळजी घ्यावी लागते, हे या बेटाने शिकवले.

अंदमान-निकोबारचा धडा वेगळा आहे. २००४ च्या त्सुनामीत तिथल्या लेदरबॅकच्या पुळणी वाहून गेल्या. काही वर्षांत वाळू पुन्हा साचली आणि माद्या परतल्या. म्हणजे आज जिथे पुळण आहे तेवढीच जागा राखून भागत नाही, वाळूला सरकायला मागे-पुढे मोकळीक ठेवावी लागते. लिटल अंदमानहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेल्या लेदरबॅक माद्या ऑस्ट्रेलियाच्या आणि आफ्रिकेच्या दिशेने महासागर पार करून गेल्या. अशा जागतिक महत्त्वाच्या किनाऱ्यांपैकी एक असलेल्या ग्रेट निकोबारच्या गॅलेथिया उपसागराचा अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढण्यात आला आणि तिथे मोठे बंदर प्रस्तावित आहे. नागरिकांनी अशा निर्णयांकडे लक्ष ठेवावे, जनसुनावणीत प्रश्न विचारावेत. तो आपला हक्क आहे.

महाराष्ट्रातही असे उथळ, समृद्ध भाग आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला अँग्रिया बँक हे समुद्राखालचे प्रवाळ पठार आहे. कासवांच्या नकाशात अशा जागांना स्थान हवे.

नोंद कशी ठेवावी

महत्त्वाची जागा ठरवताना भावना उपयोगी नाही, सलग नोंद उपयोगी आहे. किनाऱ्यावर फिरताना कासवाची खूण दिसली तर पुढील गोष्टी वहीत किंवा फोनमध्ये लिहा:

• तारीख, वेळ, किनाऱ्याचे नाव आणि फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश.
• पट्ट्याची रुंदी. ठसे एकाआड एक की जोडीने. शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून फोटो.
• घरटे झालेले दिसते की कासव अंडी न घालता परतले.
• भरतीरेषेपासूनचे अंतर पावलांत.
• तिथून रात्री कोणते दिवे दिसतात. कुत्री, गाड्यांचे माग, बंधारा, कचरा.
• मृत कासव असल्यास जात, अंदाजे लांबी, अंगावर जाळ्याचा किंवा बोटीच्या पंख्याचा घाव.

ही नोंद त्या गावच्या कासवमित्राला किंवा वनखात्याला द्या. घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. गर्दी आणि चोर, दोन्ही तिथे पोचतात. एक-दोन नोंदींवरून निष्कर्ष काढू नका. किमान तीन-चार हंगामांची नोंद हाती आली की एखादा किनारा नियमित वापरात आहे का, हे ठामपणे सांगता येते. नोंद नसलेला किनारा सरकारी नकाशात मोकळी जमीन ठरतो. नोंद असलेल्या किनाऱ्याच्या बाजूने कायदा उभा राहतो.

कायदा काय देतो

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात सागरी कासवे आहेत. त्यांना पकडणे, मारणे, अंडी घेणे, कवचाच्या वस्तू बाळगणे किंवा विकणे हा गंभीर गुन्हा आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत, म्हणजे आपण ज्याला सीआरझेड म्हणतो त्यात, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे ‘सीआरझेड-१ अ’ या सर्वात कडक वर्गात येतात. पण हा वर्ग लागू होण्यासाठी ते ठिकाण किनारी आराखड्याच्या नकाशावर नोंदलेले असावे लागते. नोंदवहीचे महत्त्व इथे कळते.

कोकणात जागा घेणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावे. ‘समुद्राला लागून प्लॉट’ अशी जाहिरात वाचली की आधी त्या गटनंबरचा सीआरझेड वर्ग तपासा, आराखड्याचा नकाशा मागा, ग्रामपंचायतीत आणि गावातल्या कासवमित्रांकडे चौकशी करा. घर असेल तर पुळणीकडे तोंड असलेले दिवे बंद ठेवा. आवश्यकच असतील तर ते बुटके, वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले, तांबूस-पिवळ्या उजेडाचे असावेत. रात्री घरट्यातून निघालेले पिल्लू सर्वात उजळ क्षितिजाकडे धावते. निसर्गात ते क्षितिज समुद्राचे असते. आपल्या व्हरांड्यातला पांढरा दिवा त्याला उलट दिशेने नेतो आणि सकाळी ते उन्हात मरून पडते.

पाहुणे म्हणून जाताना

कासव महोत्सवाला जरूर जा, मुलांना न्या. त्याआधी ही पथ्ये घरातल्या सगळ्यांना सांगा.

• गाडी पुळणीवर नेऊ नका. टायरखाली घरटे दबते, आणि टायरची चाकोरी दोन इंचाच्या पिल्लासाठी न ओलांडता येणारी खाई होते.
• रिसॉर्टऐवजी गावातले घरगुती निवास निवडा. आपल्या पैशाने राखण टिकते.
• पिल्ले सोडताना दोरीच्या मागे उभे राहा. फ्लॅश, टॉर्च, स्पर्श नको. पिल्लाने वाळूवर स्वतः चालणे आवश्यक असते, त्याला उचलून पाण्यात सोडू नका.
• घरटी निसर्गाच्या वेळेने उमलतात, साधारण ४५ ते ५५ दिवसांनी. तुम्ही गेलात त्या दिवशी पिल्ले निघाली नाहीत तर गावकऱ्यांशी वाद घालू नका.
• रात्री पुळणीवर शेकोटी, गाणी, फटाके नकोत. उरलेले अन्न किनाऱ्यावर टाकू नका. त्याने कुत्री वाढतात आणि कुत्री घरटी उकरतात.
• रात्री मादी दिसली तर जिथे असाल तिथे शांत बसा, दिवा बंद करा, तिची वाट अडवू नका.
• मालवण, अंदमान, लक्षद्वीपला स्नॉर्केलिंग करताना कासवाचा पाठलाग करू नका, श्वासासाठी वर येणाऱ्या कासवाच्या वर तरंगू नका, प्रवाळावर पाय ठेवू नका.

जाळ्यात अडकलेले आणि किनाऱ्याला लागलेले कासव

पिल्लांपेक्षा प्रौढ माद्यांचा मृत्यू कासवांच्या संख्येला जास्त मारक ठरतो, कारण रिडले प्रौढ व्हायलाच दहा-पंधरा वर्षे लागतात आणि हजारांतून एखादेच पिल्लू तिथवर पोचते. प्रौढ कासवांचा मोठा शत्रू म्हणजे ट्रॉलरचे जाळे. कासव फुप्फुसांनी श्वास घेते, जाळ्यात फार वेळ अडकले की गुदमरते. पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. ती माशांच्या प्रजननासाठी चांगली आहे, पण कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम त्यात येत नाही. ओडिशात धामरा, देवी, ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळ १ नोव्हेंबर ते ३१ मे अशी वेगळी बंदी आहे. आपल्याकडेही महत्त्वाच्या पुळणींसमोरच्या छोट्या पट्ट्यात, अंडी घालण्याच्या महिन्यांपुरते ट्रॉलिंग थांबवण्याचा विचार मच्छीमार सोसायट्यांच्या संमतीने व्हायला हवा.

जाळ्यातून कासवाला बाहेर पडू देणारी चौकट उपलब्ध आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय ट्रॉलरसाठी ती विकसित केली आहे. ती न वापरल्याने २०१९ पासून भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीला अमेरिकेची बाजारपेठ बंद झाली आणि त्याचा फटका मच्छीमारांनाच बसला. दुसरीकडे महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस सुरू झालेली योजना अनुकरणीय आहे: संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला, सुटकेचे चित्रण दाखवल्यावर, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तुमच्या ओळखीच्या मच्छीमाराला ही योजना माहीत आहे का, हे विचारा.

पावसाळ्यात पालघर-डहाणू किनाऱ्यावर जखमी, थकलेली कासवे वाहून येतात. नाशिकहून त्र्यंबक-मोखाडा-जव्हार मार्गे आपण ज्या डहाणूला जातो, तिथे वनखात्याचे कासव उपचार केंद्र आहे. असे कासव दिसले तर त्याला परत समुद्रात ढकलू नका. बरे असते तर ते वर आलेच नसते. सावली करा, पाठीवर ओले फडके टाका, पण नाकपुड्या मोकळ्या ठेवा. तोंडात पाणी किंवा खाणे घालू नका. गर्दी हटवा आणि वनखात्याच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.

गंगापूर रोडवर राहून करायची कामे

समुद्रापासून दूर राहून करता येतील अशी कामे थोडी नाहीत.

पहिले काम कचऱ्याचे. गोदावरीत टाकलेल्या प्लास्टिकचा मोठा भाग वाटेतल्या धरणांत, बंधाऱ्यांत अडकतो, पण पुरात काही पुढे जातो आणि तुकडे होत जातो. अडकलेलाही आपल्या नदीतल्या कासवांचा आणि माशांचा घात करतो. आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर गाव या भागातील सोसायट्यांनी पावसाळ्याआधी आपल्या नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवून ती नियमित साफ ठेवण्याची जबाबदारी घ्यावी. २०२७ च्या सिंहस्थात लाखो भाविक येतील. निर्माल्य, पिशव्या, कापूर-अगरबत्तीची वेष्टने नदीत न जाण्याची व्यवस्था आताच ठरवावी.

दुसरे काम वाळूचे. नदीमुखाची बेटे नदीच्या गाळावर जगतात. गोदावरीवरील धरणांनी तो गाळ आधीच अडवला आहे, त्यात बेकायदा उपसा भर घालतो. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना कंत्राटदाराकडे वाळूची पावती मागा, दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू वापरा.

तिसरे काम घरातल्या कासवाचे. वास्तूसाठी किंवा हौसेखातर काचेच्या टाकीत ठेवलेली देशी कासवे बाळगणे बेकायदा आहे. ती वनखात्याकडे द्या. दुकानात मिळणारी, कानाशी लाल पट्टा असलेली परदेशी कासवे धरणात किंवा नदीत सोडू नका. ती देशी कासवांची जागा आणि अन्न बळकावतात. गोदावरीच्या मूळ रहिवाशांत लीथचे मऊ पाठीचे कासव आहे आणि ते जगभर अतिसंकटग्रस्त मानले जाते. पुण्य म्हणून नदीतले किंवा जमिनीवरचे कासव समुद्रात सोडणे तर त्याला मारण्यासारखेच आहे.

चौथे काम शाळा-महाविद्यालयांचे. केटीएचएमसारख्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांना कोकणच्या एखाद्या किनाऱ्याची उपग्रहचित्रे वर्षागणिक लावून पुळण किती घटली, दिवे किती वाढले, हे मोजता येईल. असे काम गावाला आणि वनखात्याला उपयोगी पडते, आणि त्यासाठी रोज किनाऱ्यावर असण्याची गरज नसते.

एक किनारा निवडा

दरवर्षी वेगळे पर्यटनस्थळ पाहण्याऐवजी चार-पाच कुटुंबांनी मिळून एकच किनारा निवडावा असे मी आग्रहाने सुचवेन. त्याच गावात, त्याच घरांत उतरा. दरवर्षी तीच नोंदवही पुढे चालवा. गावाच्या कासवमित्रांना टॉर्च, पावसाळी बूट, सौरदिव्यांची झाकणे, मोबाईलचा डेटा अशा लागणाऱ्या गोष्टी विचारून द्या. किनाऱ्यावर बंधारा, रस्ता किंवा हॉटेल येण्याची वेळ आली आणि गावाने हरकत घेतली, तर तुमच्या वह्यांमधल्या नोंदी त्यांच्या अर्जाला जोडता येतील. आज समुद्रात गेलेले मादी पिल्लू अंडी घालायला परतेल ते दहा-पंधरा वर्षांनी. तेवढा काळ त्या पुळणीची वाळू, अंधार आणि वाट शाबूत राहायची असेल, तर तेवढाच काळ तिच्या मागे उभी राहणारी माणसे हवीत. येत्या नोव्हेंबरच्या आत आपल्या सोसायटीत बैठक घ्या, किनारा ठरवा आणि तिथल्या कासवमित्रांना पहिला फोन करा.